घुबडाची डावी बाजू

गोल करणाऱ्याला लोक खांद्यावर घेतात. गोल अडवणाऱ्याच्या नावानं सुटकेचा श्वास सोडतात. या दोघांच्या मधे जो सगळा वेळ राबतो, त्याचं मात्र दाराच्या बिजागरीसारखं असतं. सगळं दार तिच्यावर फिरतं, पण कुरकुरल्याशिवाय तिच्याकडे कुणी बघत नाही.

तो असाच, मधल्या फळीतला. त्याला सगळे घुबड म्हणत. चेंडू त्याच्याकडे निघाला की तो चेंडूकडे न बघता आधी मान वळवून खांद्यामागे बघून घ्यायचा. डावीकडे एकदा, उजवीकडे एकदा, आणि मग चेंडू पायाशी. तोवर कोण कुठे उभा आहे, कोण धावत येतोय, कोण मोकळा आहे, हे सगळं त्याच्या डोक्यात मांडून झालेलं असे. त्याचा पास दिसायला साधा असायचा. बघणाऱ्याला वाटे, हा तर कुणीही दिला असता. पण देत कुणी नव्हतं.

ही विद्या त्याला कुठल्या शाळेत मिळाली नव्हती. बाप ट्रक चालवायचा. जिथे ट्रक उभे राहत त्या आवाराला लागूनच त्यांच्या दोन खोल्या, आणि खेळायचं अंगण म्हणजे तेच आवार. डिझेलचे काळे डाग, चाकांच्या चाकोऱ्या, आणि मागून कधी कुठली गाडी सरकेल याचा नेम नाही. एकदा बापानं त्याला दंडाला धरून खसकन बाजूला ओढलं, आधी एक सणसणीत ठेवून दिली आणि मग शिकवलं.

"चेंडू कुठं पळून जात नाही. तो पायाशी यायच्या आत मागं बघायचं. ट्रकला ब्रेक असतो, डोळे नसतात."

ती एक चपराक त्याला जन्मभर पुरली. तिच्या जोरावर तो क्लबात आला, संघात आला आणि वर्षानुवर्षं टिकला.

त्याच्या पाठीशी बचावाला, सगळे ज्याला कपाट म्हणत, तो असायचा. हा धिप्पाड गडी दारातून आत यायचा तर आडवा होऊन यायचा. दोघांची जोडी अशी, की लोक म्हणत, घुबड कपाटावर बसलंय, आता कोण हलवतो त्याला!

पुढे पुढे घुबड जरा जास्तच मान वळवू लागला. पूर्वी एकदा बघायचा, आता दोनदा बघू लागला, मग सारखाच बघू लागला. कोच त्याच्यावर बेहद्द खूश झाले. खिडक्यांचे पडदे ओढून ते खेळाडूंना भिंतीवर चित्रफीत दाखवत आणि छडीनं चित्रातल्या घुबडाच्या मानेवर टकटक करत.

"बघा, बघा! इतकी वर्षं खेळून याची भूक अजून मेली नाही. तुम्ही नुसते बैलासारखे समोर बघून चालता."

घुबड अंधारात खाली मान घालून हसे. त्यालाही ते खरंच वाटत होतं. आपण मुरतोय असंच त्याला वाटत होतं.

घरी बायको मात्र वेगळंच बोलायची. "मैदानावर म्हणे याला पाठीलाही डोळे आहेत! आणि इथं डाव्या बाजूला मी चहा घेऊन उभी, तर महाराजांना पत्ता नाही. उद्यापासून शिट्टी वाजवून येते."

एका सरावात तो वळला आणि थेट कपाटाच्या छातीवर जाऊन आदळला. दोघेही गवतावर.

"अरे माणसा!" कपाट छाती चोळत ओरडला. "या घरातलं सगळ्यात मोठं फर्निचर आहे मी. मीसुद्धा दिसलो नाही तुला?"

सगळे हसले. कपाटही हसला, पण त्याच्या मनात काहीतरी रुतलं. कपडे बदलायच्या खोलीत तो घुबडाच्या डावीकडे येऊन बसला आणि त्याच्या कानाजवळ हात नुसता हलवत राहिला. घुबड शांतपणे बुटाची नाडी सोडत होता. मग कपाटानं हळूच त्याचा दुसरा बूट उचलून मांडीवर घेतला. घुबडानं डावा हात लांबवला, फरशी चाचपली, आणि पुटपुटला, "इथंच तर ठेवला होता."

कपाटानं बूट त्याच्या हातात ठेवला. दुसऱ्या दिवशी त्याला घेऊन डोळ्यांच्या दवाखान्यात गेला.

तिथे एका पांढऱ्या घुमटात हनुवटी टेकवून बसवलं. उजवा डोळा झाकला, हातात एक बटण दिलं. तपासणाऱ्या बाईंनी सांगितलं, "समोरच्या ठिपक्यावर नजर ठेवायची, दादा. आजूबाजूला बारीक उजेड चमकेल. दिसला की बटण दाबा."

एक चमकला, दाबलं. दुसरा चमकला, दाबलं. मग शांतता. तो वाट बघत राहिला.

"बाई, मशीन बंद पडलं वाटतं."

"नाही दादा. चालू आहे." बाईंचा आवाज मऊ झाला होता. "उजेड येतायत."

पण तो मैदानावरचा गडी, हार मानणं रक्तात नाही. दिसत नाही तर अंदाजानं खेळू, असं त्यानं ठरवलं. समोरचा पास कधी देईल हे पायाच्या ठेक्यावरून ओळखणारा तो. या मशीनलाही काही ठेका असेलच. त्यानं ताल धरला आणि बटण दाबायला लागला.

बाईंनी मशीन थांबवलं. "दादा, तुम्ही उजेड नसतानाही दाबताय. मशीनला कळतं ते. खेळू नका. नुसतं बघा."

नुसतं बघणं. तेवढंच तर जमत नव्हतं.

डॉक्टरांनी नाव सांगितलं: काचबिंदू. डाव्या डोळ्याची कडेची नजर जवळजवळ गेली होती, उजव्याला सुरुवात होती. दुखत नाही, खुपत नाही. समोरचं स्वच्छ दिसत राहतं, म्हणून माणसाला कळतही नाही. "गेलं ते परत येत नाही. उरलंय ते थेंबांनी धरून ठेवायचा प्रयत्न करू. घरात आणखी कुणाला आहे?"

"नाही. वडील तर अजून चष्म्याशिवाय पेपर वाचतात," तो म्हणाला.

जिना उतरताना तो मधेच थांबला. बापाच्या ट्रकचा डावा आरसा. तो कायम फुटलेला असायचा. कधी खांबाला, कधी फाटकाला, कधी दुसऱ्याच्या गाडीला. शेवटी मालकानं बेपर्वा म्हणून शिवी देऊन बापाला स्टिअरिंगवरून उतरवलं आणि गोदामाच्या फाटकावर बसवलं. घरात सगळे थट्टा करत, आबांना डावी बाजू नसतेच! बापही त्यात हसायचा. पण त्यानंतर तो कधी कुठल्या गाडीत पुढे बसला नव्हता.

कोचना त्यानं सगळं सांगितलं. त्यांचा विश्वासच बसेना.

"अरे, तुझ्याएवढं बघणारा मी दुसरा पाहिला नाही!"

"दिसत नाही म्हणून बघतो, सर. मान वळवली तेवढंच दिसतं. बाकी बुटांच्या आवाजावर चाललंय."

"ये मैदानात. माझ्या डोळ्यांना दिसू दे."

रिकाम्या मैदानावर तिघेच. कोचनी कपाटाला बूट काढायला लावले. कोच समोरून चेंडू सोडणार, घुबडानं पाहिजे तेवढी मान वळवावी. पण चेंडू निघाला की कपाट डावीकडून धावत येणार. घुबडानं त्याला चेंडू द्यायचा नाही.

चेंडू आला. घुबडानं मागे बघितलं, मग चेंडूकडे बघितलं, आणि कुठूनसा एक अनवाणी पाय येऊन चेंडू घेऊन गेला. पुन्हा तेच. पुन्हा तेच. काळं काही दिसत नव्हतं, अंधार नव्हता. गवत होतं, चेंडू होता, आणि एकदम कपाट होता. आईच्या ताटातला घास उचलावा तसा तो मोठा गडी चेंडू घेऊन जात होता आणि प्रत्येक वेळी कपाटाचीच मान आणखी खाली जात होती.

मग एका खेपेला कपाट खोकला. अगदी बारीक, घसा खवखवल्यासारखा.

घुबडाचा देह आपोआप वळला. त्यानं खांदा मधे घातला, चेंडू बुटाच्या तळव्याखाली मागे ओढला, आणि कपाट रिकामाच पुढे निघून गेला. जुन्या दिवसांतल्यासारखं, लोण्यातून सुरी फिरावी तसं.

कोचनी टाळी वाजवली. "हे बघ! दिसलं की नाही? उगाच घाबरवतोस!"

घुबड चेंडूवर पाय ठेवून उभा राहिला. गप्प राहिला असता तर रविवारच्या सामन्यात मैदानावर असता. कपाट त्याच्याकडे बघत होता, डोळ्यांनीच विनवत होता, की बोलू नकोस. असाच खोकत राहीन मी, पुढचा सगळा मोसम खोकत राहीन.

"दिसलं नाही, सर," तो म्हणाला. "हा खोकला."

कोच चेंडू गोळा करून जाळीत भरू लागले. एक चेंडू घुबडाच्या डावीकडे पडला होता. त्यांनी तो दाखवला नाही, स्वतः जाऊन उचलला.

तपासल्यावर बापालाही काचबिंदूच निघाला. आता सकाळी बायको बापलेकांना शेजारी शेजारी आडवं करते आणि थेंब घालते. सासऱ्याला म्हणते, "आबा, डोळे मिटू नका, औषध गालाला नाही लावायचं." नंतर दोघे आवाराच्या भिंतीला लागून असलेल्या बाकावर जाऊन बसतात. पहिल्या दिवशी बसायचं कसं, यावरून खोळंबा झाला. दोघांचीही डावी बाजू गेलेली. एकानं दुसऱ्याच्या डावीकडे बसल्याशिवाय गत्यंतर नाही. बापानं मुलाला आपल्या उजवीकडे सरकवलं.

"तू तिकडं बस. मला तू दिसशील."

"आणि मला?"

"तुला कशाला दिसायला पाहिजे? मी आहेच इकडं."

मागे एक ट्रक सुरू झाला. मुलाची मान सवयीनं वळली. वळल्यावर बाप दिसला, सरळ समोर बघत बसलेला, गुडघ्यांवर हात ठेवून. तो काही वेळ बापाकडे बघत राहिला. मग मान सरळ केली, आणि बाप पुन्हा नजरेआड गेला.

बापाच्या पलीकडे, त्याची डावी बाजू सांभाळायला, कुणीच बसलेलं नव्हतं.