चार दिवसांत पार्ट येतोय

गाड्यांच्या सर्व्हिस सेंटरमध्ये काउंटरवर बसणाऱ्याला किस्से शोधत कुठे जावं लागत नाही. लोक चावी ठेवतात आणि जाता जाता एक किस्साही ठेवून जातात. वडाळ्याला आमच्याकडे दुपारी डबे उघडले की कोणीतरी सुरू करतंच, 'अगं प्रज्ञा, आज काय झालं माहितीये?' मग भाजी गार होते. यातल्या निम्म्या किश्श्यांत चूक आमचीच असते, पण ते आम्ही फक्त डबा खाताना कबूल करतो!

*

गिरगावचे जोशी सर, रिटायर्ड मुख्याध्यापक. त्यांची गाडी डावीकडे वळताना कट्-कट् वाजायची. शेजारी मेकॅनिक बसला की आवाज गायब! तीनदा आम्ही 'आवाज आढळला नाही' असं लिहून गाडी परत दिली. चौथ्यांदा मी स्वतः बसले. दादरपर्यंत जाऊन आलो, गाडी अगदी गप्प.

सर म्हणाले, 'शाळा तपासायला साहेब आले की आमचा सातवी ब असाच बसायचा. साहेब फाटकाबाहेर गेले की बघा!'

मी उतरले, सरांनी गाडी वळवली आणि मला रस्त्यावर कट्-कट् ऐकू आलं. वर्षभरात त्यांनी ती विकून टाकली.

*

'पार्ट चार दिवसांत येतोय' हे वाक्य आमच्याकडे पहिल्याच दिवशी शिकवतात. पार्ट कधी येणार हे आमच्या मॅनेजरना, राणे सरांनाही माहीत नसतं. पण 'माहीत नाही' म्हणायची परवानगी नाही.

लालबागच्या एका मंडळाचा कार्यकर्ता एकदा काउंटरवर हात आपटून म्हणाला, 'मॅडम, आमचा बाप्पा आला, राहिला, गेला. मंडपाचे बांबूपण सोडले आम्ही. तुमचा पार्ट अजून चारच दिवसांवर?'

सगळे हसले, राणे सरसुद्धा. मी त्याला चहा पाजला आणि म्हटलं, 'दादा, फक्त चार दिवस!'

*

सावंतकाका काळाचौकीचे. आयुष्यभर कारकुनी केली, कधी स्कूटरही घेतली नाही. काकींना कॅन्सर निघाला, परळच्या हॉस्पिटलात रेडिएशनचे शेक घ्यायला रोज जायचं होतं, आणि बसचे धक्के त्यांना सोसेनात. म्हणून काकांनी आमच्याकडून नवी गाडी घेतली. ती दुसऱ्याच महिन्यात सिग्नलला बंद पडायला लागली. मागून हॉर्न, आत काकी डोकं धरून बसलेल्या.

आम्ही कॉम्प्युटर लावला. राणे सर त्यांच्या ठेवणीतल्या आवाजात म्हणाले, 'गाडीत काहीच फॉल्ट दिसत नाहीये.'

सोफ्यावरून काकी म्हणाल्या, 'माझ्या पयल्या रिपोर्टात पण कायच दिसूक नव्हतां!'

आणि स्वतःच खूप हसल्या. आम्हाला कुणालाच हसता येईना.

*

काकी वाट बघायच्या ती शेक संपायची. संपले की वेंगुर्ल्याजवळ माहेरी जायचं, आणि तेही आपल्या गाडीतून. 'वाटेत खयंय थांबता येता गो,' मला म्हणायच्या. 'मागे आडवां होता येता. आणि दारात आपली गाडी उभी ऱ्हवली की भावजयीक कळात!'

शेवटी फॉल्ट सापडला. पार्ट मागवला. मी सांगितलं, 'काका, चार दिवसांत येतोय.' तेवढ्यापुरती गाडी चालेल अशी करून दिली.

अशा वेळी कंपनीतून ग्राहकाला फोन जातो, दहापैकी किती मार्क द्याल म्हणून. दहाला एक जरी कमी पडला तर राणे सर सगळ्यांसमोर उभं करून विचारतात. म्हणून आम्ही प्रत्येकाच्या हातापाया पडतो. काकांनाही मी सांगून ठेवलं होतं.

काकांनी दहा दिले. दुसऱ्या दिवशी गाडी भायखळ्याला बंद पडली.

'काका, मग दहा कशाला दिलेत?'

'तुला ओरडतात ना गं,' काका म्हणाले.

पण दहा मिळाले की सिस्टीममध्ये ग्राहक समाधानी होतो, तक्रार आपोआप बंद होते आणि तिच्यावर मागवलेला पार्टही रद्द होतो. हे मला ठाऊक असायला हवं होतं. कळलं तेव्हा तीन आठवडे गेले होते. मी नव्याने ऑर्डर टाकली, पुन्हा रांगेच्या शेवटी. काकांना खरं सांगायचं धाडस झालं नाही. मी पुन्हा 'चार दिवस'च सांगितलं.

शेक संपल्यावर काका वेंगुर्ल्यासाठी भाड्याची गाडी करायला निघाले होते. काकींनीच अडवलं म्हणे. 'चार दिवसांत येताहा मां पार्ट, मगे कित्याक?'

पार्ट आला त्याच्या आदल्या आठवड्यात काकी गेल्या.

*

महिनाभराने काका गाडी घेऊन आले. मला वाटलं, आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त चावी ठेवली आणि सोफ्यावर जाऊन बसले.

पार्ट बसायला चाळीस मिनिटं लागली. तेवढ्याच कामासाठी सगळं झालं होतं. मला स्वतःची लाज वाटली. काहीतरी करावं म्हणून मी जॉबकार्डवर आतली पूर्ण सफाई टाकली, फुकट, आणि धुलाईच्या शमीमभाईंना सांगितलं, 'भाई, अगदी नवी गाडी वाटली पाहिजे.' शमीमभाईंनी जीव ओतून काम केलं.

काका गाडीत बसले. पहिल्या चावीला सुरू झाली. मग त्यांनी डावीकडच्या सीटवरची ऊन अडवायची झडप खाली केली. तिच्या आतल्या बाजूला छोटा आरसा असतो. काका त्या आरशाकडे बघत राहिले.

'चकाचक है ना, अंकल?' शमीमभाई खिडकीशी वाकून म्हणाले. 'कितना बिंदी चिपका था उसपे! एकेक करके निकाला, कपडे से रगड के.'

काकांनी गाडी बंद केली.

'मशीनखाली जायच्या आधी टिकली काढायला लावायचे तिला,' ते हळूच मला म्हणाले. 'म्हणून इथे लावून जायची. परत आली की त्यातली एक घ्यायची नाही, नवी लावायची. म्हणायची, जुन्यो ऱ्हवांदेत, शेक मोजूक बऱ्यो.'

काका खाली उतरले, शमीमभाईंच्या खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, 'वो कपडा किधर है, भाई?'

शमीमभाई हसून म्हणाले, 'वो तो मैंने तभीच धो डाला, अंकल.'