निळं पातेलं आणि माझ्यावरचा आळ

"आबा, ते निळ्या पातेल्याचं सांगा की!" सात रस्त्याच्या चौकात, चहाच्या टपरीवर रोज हेच. अरे, मला दुसरी कामं न्हाईत व्हय? घरात बूड एका जागी ठरत न्हाय म्हणून हितं येतो मी, तुमची करमणूक करायला न्हवं. आता धरूनच बसलाय तर ऐका. किस्से म्हंजे करपल्यालं दूध. तळाला थरावर थर धरत जातंय, खरवडल्याबिगर सुटत न्हाय.

*

माझी सून प्रियांका शाळेत शिकवती. एक दिवस भलं मोठं खोकं घेऊन आली. त्यात पातेलं! बाहेरनं निळंशार, आतनं पांढरं, बिडाचं, धोंड्यावानी जड.

"काय गं हे?"

"इनॅमलचं आहे, आबा."

मला ऐकू आलं इनामाचं! मी आख्ख्या गल्लीत सांगून आलो, सुनेला शाळेत इनाम लागलं. शेजारचा नरसय्या, जुना विणकर, हार घेऊन दारात उभा!

प्रियांकानं कपाळाला हात लावला. "आबा, इनॅमल म्हणजे वरचा काचेचा थर! विकत आणलंय मी."

"मग इनाम दुकानदाराला लागलं म्हण की!"

हार नरसय्यानं परत नेला.

*

मग सुरू झाले नियम. तारेची घासणी लावायची न्हाय. राख न्हाय. गरम असताना गार पाणी ओतायचं न्हाय, थर तडकतो. रिकामं गॅसवर ठेवायचं न्हाय. ढवळायला लाकडी चमचाच.

मी म्हटलं, "एवढं सासऱ्याला जपलं असतंस तर!"

"तुम्हाला जपायला थर कुठं शिल्लक आहे, आबा?"

माझं पोरगं सतीश हसलं. बायकोच्या बाजूनं हसायला त्याला लई जोर येतो.

*

नरसय्या म्हणाला, "बिडाच्या भांड्याला तेल लावून ठेवावं, न्हाईतर गंजतंय." आमच्या तव्याला जन्मभर तेच केलं की! मी पातेल्याला आतबाहेर गोडंतेल चोळलं.

सकाळी प्रियांकानं उचललं, ते सटकलं. भांड्याला काही झालं न्हाय. कारण ते माझ्या पायावर पडलं!

ती झटकन खाली वाकली. मी म्हटलं, "जास्त न्हाय लागलं गं."

ती पातेलं फिरवून फिरवून बघत होती!

*

मग एकदा माझं पिठलं तळाला लागलं. मी तार हातात घेतली. नुसती हातात! तेवढ्यात ती आली.

"आबा, तार!"

तिनं पातेल्यात पाणी नि खायचा सोडा घातला, जरा उकळलं, गार होऊ दिलं. करपलेलं पिठलं पापुद्र्यासारखं सुटून आलं. बरं झालं ना? मिटला विषय? न्हाय! तार तिच्या डोळ्यात बसली.

*

त्यानंतर विहीणबाई आल्या, मंगळवेढ्याहून. प्रियांकाची आई, गोदाबाई. बाई खमकी. येताना शेंगदाणे घेऊनच आल्या. "मिक्सरची चटणी म्हंजे नुसतं पीठ! कुटल्याबिगर तेल सुटत न्हाय." दुपारी पोरं कामावर गेली, तशी मला फर्मान सोडलं, "व्याही, लसूण संपलाय, जावा आणा." मी हिंडून लसूण आणून दिला, परत टपरीवर आलो. संध्याकाळी चटणी तयार. बाई दुसऱ्या दिवशी एसटीनं गावाला.

आणि प्रियांकाला पातेल्याच्या तळाला खड्डा दिसला. पांढरा टवका उडालेला, आतनं काळं बीड.

ती ओरडली न्हाय. तेच लागलं. म्हणाली, "आबा, आजपासून ओट्याजवळ यायचं नाही."

पहाटेचा चहा माझा मी करतो, बायको गेल्यापासनं. आता चहासाठी ती उठायची वाट बघायची. खुर्चीतनं गॅलरीत, गॅलरीतनं खुर्चीत. दुसऱ्याच्या घरात पाहुणा असल्यागत! "मी न्हाय केलं," म्हटलं तर सतीश म्हणतो, "असू दे आबा, वय झालं."

*

मग एका रात्री जेवताना सतीशच्या तोंडात कट्ट! त्यानं चटणीतनं पांढरी कपची काढली.

"आबा, तुमचा दात?"

"माझ्या तोंडात दात हायत कुटं!"

प्रियांकानं कपची धुतली, पातेल्याच्या खड्ड्यावर ठेवली. बरोबर बसली. तिनं तितंच आईला फोन लावला, स्पीकरवर.

"आई, चटणी कशात कुटलीस?"

"त्या निळ्या उखळीत की! तुमचा खल वाटीएवढा. ही उखळ चांगली जड हाय, बत्ता घातला की कसा दणका बसतो!"

चटणी गेली कचऱ्यात. प्रियांका उठली, चहाची भुकटी नि साखरेचा डबा माझ्यापुढं आणून ठेवला. "सकाळी माझ्यासाठीपण टाका, आबा. चुकलं माझं."

फोन चालूच होता. आतनं आवाज आला, "आणि व्याह्यांना सांग, उखळ धुताना तार लावू नका म्हणावं!"

सुनेनं माफी मागितली. पोरानं मागितली. राहिल्या एकच. मंगळवेढ्याच्या गोदाबाई.