सरांची बुधवारची प्रार्थना

निकाल लागून गेल्यावर प्रार्थना करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि त्याच्याच घरात मी सहा वर्षे भाड्याने राहिलो. पेपर देऊन आल्यावर नवस बोलणारे पुष्कळ असतात, पण त्यांचा पेपर निदान तपासायचा तरी राहिलेला असतो. आमच्या घरमालकांचे तसे नव्हते. रात्री जगाच्या दुसऱ्या टोकाला मॅच संपलेली असायची, जिंकणारे नाचून आणि हरणारे रडून झोपी गेलेले असायचे, आणि रविवारी सकाळी साडेसातला नागपुरात सदर भागातल्या चर्चमध्ये तिसऱ्या बाकाशी गुडघे टेकून आमचे घरमालक त्याच मॅचसाठी देवाकडे मागणे मागत असायचे. मी एकदा भीत भीत म्हटले, "सर, मॅच तर कालच झाली ना?" तर म्हणाले, "तुझ्यासाठी झाली. देवाला काल आणि उद्या नसतो. मी तुला खचित सांगतो, उशिरा केलेली प्रार्थनाही वेळेवर पोचते. पोस्टासारखं नाही ते."

हे 'खचित' त्यांच्या तोंडी कायम असे. मिशनच्या शाळेत तेहतीस वर्षे ते पी.टी. शिकवत होते, म्हणून सगळी गल्ली त्यांना सर म्हणे. बोलणे अर्धे पवित्र शास्त्रातले आणि अर्धे मैदानावरचे. "मी तुम्हांस खचित सांगतो, तो ऑफसाइड होता," हे वाक्य त्यांच्याखेरीज दुसऱ्या कोणाच्या तोंडून निघाले असेल असे मला वाटत नाही. मी उमरेडचा, विणकराच्या घरातला. घरचे माग बंद पडल्यावर सदरमधल्या एका विमा कचेरीत नोकरीला लागलो आणि खोली शोधत त्यांच्या दारी गेलो. त्यांनी जात विचारली नाही, पगार विचारला नाही. एवढेच विचारले, "फुटबॉल पाहतोस?" मी म्हटले, "नाही जी." "मग राहा. पाहणारा भाडेकरू निकाल सांगून टाकतो."

कारण नऊला झोपायचे हा त्यांचा नियम होता आणि मॅच नऊनंतर असायच्या. त्या रेकॉर्ड करून ते दुसऱ्या दिवशी पाहत, आणि पाहून होईपर्यंत साऱ्या गल्लीने तोंड बंद ठेवावे अशी त्यांची अपेक्षा असे. सकाळी दुधासाठी फाटकापाशी येताना ते कानात कापूस घालून येत. पेपरातले खेळाचे पान मी काढून माझ्या गादीखाली ठेवायचे, हे भाड्यातच धरलेले होते. एकदा दूधवाला हातवारे करून म्हणाला, "गेले ना सर तुमचे!" कापसातूनही ते ऐकू गेले. सरांनी भरलेले भांडे शांतपणे त्याच्या कॅनमध्ये परत ओतले. म्हणाले, "आज या दुधाला चव लागायची नाही." आठवडाभर आम्ही दोघे कोरा चहा प्यायलो. माझा त्यात काय दोष होता, हे मी विचारले नाही.

त्यांचा संघ हॉलंड. तीनदा विश्वचषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत जाऊन तीनदा हरलेला. दुसरा एखादा जिंकणारा संघ धरायला काय हरकत आहे, असे कोणी म्हटले की ते दुखावत. "जिंकणाऱ्याजवळ उभं राहायला गर्दी असते. तिथं माझी गरज काय?" स्पर्धेच्या दिवसांत ते घरावर केशरी झेंडा लावत आणि स्वतः केशरी जर्सी घालून भाजी आणायला जात. एका वर्षी तेव्हाच निवडणुकीची हवा होती. प्रचाराची पोरे झेंडा पाहून खूश झाली, सरांच्या गळ्यात उपरणे घालून, पाया पडून गेली. सरांनी त्यांना सरबत पाजले. हॉलंडचा एवढा चाहता वर्ग नागपुरात कधी निर्माण झाला, याचेच त्यांना आश्चर्य वाटत होते.

त्या पोरांचा म्होरक्या म्हणजे सरांचाच जुना विद्यार्थी, शाळेच्या टीमचा गोलकीपर. आता चाळिशीचा, पोट सुटलेला, पक्षाचा कार्यकर्ता. "सर, अर्धे तर तुम्ही आमचेच आहात," तो हसून म्हणायचा. त्याचे एक मी कधी विसरणार नाही. रविवारी चर्च सुटल्यावर तो सरांबरोबर मॅच पाहायला यायचा, हॉलंडची नसली तर हॉलंडचे खेळाडू असलेल्या एखाद्या क्लबची. त्याने ती रात्रीच पाहिलेली असायची. पण सरांशेजारी बसून तो दोन तास काहीच माहीत नसल्यासारखा ओरडायचा, कपाळावर हात मारायचा, "आता जाते सर, आता नक्की जाते!" म्हणून उठून उभा राहायचा. आणि हॉलंड हरले की सरांच्या आधी त्याचा चेहरा पडायचा. इतके खोटे इतक्या मनापासून बोलणारा माणूस राजकारणात फार पुढे जाईल, असे मला तेव्हा वाटायचे.

राजकारणात सरांचेही लक्ष होते, पण त्यांची रीत वेगळी. राज्य करणाऱ्यांसाठी प्रार्थना करावी असे शास्त्रात सांगितले आहे, ते त्यांनी अक्षरशः घेतले होते. दर महिन्याला ते पंतप्रधानांना एक पोस्टकार्ड टाकत. पंतप्रधान बदलले, पक्ष बदलले, पण कार्ड तेच: 'मी आपणांस मत दिलेले नाही. तथापि आपणांसाठी रोज प्रार्थना करतो. आमच्या गल्लीतील नालीकडे लक्ष द्यावे.' दर बुधवारी संध्याकाळी त्यांच्या बैठकीत चर्चमधल्या पाच-सहा म्हाताऱ्या बाया आणि एक निवृत्त कंपाउंडर जमत. दोन गीते व्हायची, मग सर डोळे मिटून सगळ्या मंत्रिमंडळासाठी प्रार्थना करत, एकेकाचे नाव आणि खाते घेऊन. विस्तार झाला की प्रार्थना लांबायची. एकदा एक बाई कळवळून म्हणाल्या, "राज्यमंत्री सोडा ना सर आता. गुडघे गेले माझे." सर म्हणाले, "त्यांनाच जास्त गरज असते बाई. त्यांना कोण विचारतं?" मी दाराशी बसून हे सारे ऐकायचो, कारण शेवटी रव्याचा केक मिळायचा.

अशाच एका बुधवारी मी कचेरीतून आलो तर फाटकाशी दहा-बारा माणसे उभी. ओळखीचे कोणी नव्हते. एकाने मला अडवले.

"तुम्ही हिंदू ना भाऊ? मग इथं काहून राहून राहिले?"

"भाड्यानं राहतो जी."

"बुधवारी काय चालते इथं? लोकांले बाटवतात म्हणे. देशाविरुद्ध बोलतात म्हणे."

मला एकच वाक्य बोलायचे होते: आत तुमच्याच मंत्र्यांसाठी प्रार्थना चालली आहे, आणि ती राज्यमंत्र्यांपर्यंत आली आहे. ते वाक्य माझ्या तोंडात तयार होते. पण त्यांच्यातला एक जण मोबाइलवर माझे चित्रण करत होता. मी म्हटले, "मले काही माहीत नाही. मी दिवसभर ऑफिसात राहतो." आणि त्यांनी करून दिलेल्या वाटेने मी माझ्या खोलीत गेलो, कडी लावली.

खिडकीतून दिसत होते. सर बाहेर आले. गर्दीच्या मागे, रस्त्यापलीकडे, गोलकीपर उभा होता. सरांना तो दिसला आणि ते नेहमीच्या आवाजात म्हणाले, "अरे, तू उभा काहून? आत ये. चहा टाकलाय." त्याने मान खाली घातली आणि आपल्या बुटांकडे पाहत राहिला. मग पोलिसांची गाडी आली. बाया रडत रिक्षात बसल्या. सर गाडीत चढताना त्यांचा उजवा गुडघा वर येईना, तेव्हा एका शिपायाने हात दिला. "थँक यू, बेटा," ते म्हणाले.

दोन तासांनी त्यांना सोडले. यापुढे परवानगीशिवाय सभा घेणार नाही, असे लिहून घेतले होते. दुसऱ्या दिवशी ते मला हसत हसत सांगत होते. तिथल्या साहेबांनी विचारले, प्रार्थनेत काय म्हणता, तर सरांनी सारे मंत्रिमंडळ म्हणून दाखवले. एके ठिकाणी साहेबच म्हणाले, "ते खातं गेल्या महिन्यात दुसऱ्याकडं गेलं सर." पोलीस ठाण्यात सर घाबरले ते तेवढ्यालाच. "म्हणजे चार बुधवार मी चुकीच्या माणसासाठी मागत होतो!"

मला हसता येईना. मी म्हटले, "सर, काल मी फाटकाशी..."

"ऐकलं मी. खिडकी उघडी होती."

मग तेच म्हणाले, "येशूला धरून नेलं तेव्हा त्याचा शिष्य पेत्र, त्यानंही तेच म्हटलं होतं, मी त्याला ओळखत नाही म्हणून. आणि तो तर अंगणात निवांत शेकत बसला होता. तू बिचारा ऑफिसातून दमून आला होतास." त्यांनी ते मला धीर द्यायला म्हटले होते. पण मला अजूनही कधी कधी कचेरीतून दमून येताना ते आठवते, आणि दमल्याची लाज वाटते.

त्यानंतर बुधवारी कोणी आले नाही. सर एकटेच बसत, गीत मात्र म्हणत नसत. शेजाऱ्यांना ऐकू जाईल म्हणून असेल. पंतप्रधानांना कार्ड जात राहिले. त्यात नाली होती, या प्रकाराबद्दल अक्षर नव्हते. मी विचारले तर म्हणाले, "तक्रार लिहिली की ती प्रार्थनेच्या वेळी आठवते." रविवारी गोलकीपर येईना. त्याच्या जागी मी बसू लागलो. पण मला निकाल ऐकल्याचे लपवता येत नसे, आणि ओरडायचे कधी हेही कळत नसे. एका रविवारी चर्चमधून आल्यावर त्यांनी कानातला कापूस काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "कोण जिंकलं ते सांगून टाक रे. उगाच दोन तास कोण बसेल?" मी सांगितले. त्यांनी मान डोलावली आणि आत जाऊन आडवे झाले. तेव्हा ते मला पहिल्यांदा म्हातारे वाटले.

दीड वर्षाने महापालिकेची निवडणूक आली. गोलकीपरला तिकीट मिळाले. चौकात त्याचा हात जोडलेला भला मोठा फोटो लागला. तो घरोघर फिरला, आमचे फाटक तेवढे टाळले. मतमोजणीच्या दिवशी दुपारी मागच्या गल्लीत ढोल वाजायला लागले, आणि तो दुसऱ्याचा ढोल होता. सर उठले, बूट घालू लागले. मला म्हणाले, "चल."

त्याच्या दारात मांडव होता, खुर्च्या रिकाम्या होत्या. बुंदीची पातेली झाकून ठेवलेली होती. कालपर्यंत तिथे पाय ठेवायला जागा नव्हती. तो मागच्या अंगणात पाण्याच्या टाकीशी एकटा बसला होता. सरांना पाहून तो उभाही राहिला नाही. सर त्याच्याशेजारी पायरीवर बसले. गुडघ्यामुळे त्यांना बसायला बराच वेळ लागला.

"मी मत दिलं नाही तुला," सर म्हणाले.

"माहीत आहे सर."

"जेवलास का?"

त्यावर तो रडायला लागला, लहान पोरासारखा, नाक ओढत. मग म्हणाला, "सर, त्या दिवशी त्या लोकांले तुमचं घर मीच दाखवलं होतं. वरून फोन आला होता. मले वाटलं, विचारपूस करतीन आन् जातीन."

ढोल अजून वाजत होते. सर हळू आवाजात म्हणाले, "मला वाटलं होतं, तू नुसताच मागं उभा होतास."

मग त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. पण तो हात तिथपर्यंत पोचायला फार वेळ लागला. मी शेजारी उभा राहून पाहिले आहे.

तो त्यानंतर तीन रविवार आला. तिघेही बसलो, ओरडलो. पण आता सरांनाही निकाल आधीच माहीत असायचा, आणि आमचे ओरडणे मिळमिळीत व्हायचे. चौथ्या रविवारी तो आला नाही. पुढे पक्षाने त्याला कसले तरी पद दिले असे ऐकले. सरांनी त्याचे नाव काढले नाही. माझे लग्न झाले, मी मनीषनगरला राहायला गेलो. सरांचे विसरणे वाढले, तेव्हा जबलपूरची मुलगी त्यांना घेऊन गेली. घर विकले. आता तिथे मोबाइलच्या कव्हरांचे दुकान आहे.

गेल्या महिन्यात कामानिमित्त सदरला गेलो होतो. चहाच्या टपरीवर गोलकीपर भेटला. केस पिकले होते. आधी इकडचे तिकडचे बोललो, मग त्याने विचारले, "सरांचा फोन येते का?"

"येतो. दर रविवारी मुलगी लावून देते."

"ओळखतात?"

मी सांगावे की नाही याचा विचार केला. मग सांगितले, "मला नाही ओळखत. तुम्हीच बोलता आहात असं वाटतं त्यांना. तुमच्या नावानं हाक मारतात. जेवलास का, विचारतात."

त्याने ग्लास खाली ठेवला. "मंग तुम्ही काय म्हणता?"

"ओ देतो. जेवलो म्हणतो."

मला वाटले, तो नंबर मागेल. खिसा चाचपून त्याने मोबाइल काढलाही होता. मग तो तसाच परत ठेवला आणि रस्त्याकडे पाहत म्हणाला, "ओ देत जा भाऊ. तुम्हीच देत जा."