एल्गुजाने दाखवलेला पाट

जॉर्जियातल्या नाखिदुरी गावात लग्न असो की बारसं, टेबलाच्या टोकाला तमादा म्हणून, म्हणजे प्रत्येक प्याल्याआधी भाषण करणारा मुख्य म्हणून, एल्गुजाच बसायचा. हातात प्याला घेऊन तो उठला, की मेलेल्यांच्या नावानं, लेकरांच्या नावानं, देशाच्या नावानं असं काही बोलायचा की वाढणाऱ्या बायकाही भांडी हातात धरून ऐकत राहायच्या. माणूस लाख मोलाचा, पण जिभेला लगाम नाही. "याला तिसरा प्याला देऊ नका, गावाची सगळी बिंगं बाहेर काढील," असं त्याची बायको त्सिआला सगळ्यांदेखत म्हणायची.

त्यांचा एकुलता एक मुलगा मेराब सव्विसाव्या वर्षी ट्रॅक्टर उलटून गेला. गावाच्या वरच्या टेकाडावर दफनभूमी होती, तिथे त्याला पुरलं. त्याच दिवशी त्सिआलानं त्याच्या शेजारची जागा स्वतःसाठी मागून घेतली, आणि एल्गुजानं तिला शब्द दिला. ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी दोघं वर जायची, मातीवर लाल अंडं घरंगळवायची, थोडी वाईन ओतायची आणि पोराशी घरातलं सगळं बोलून यायची.

लढाई होऊन काही वर्षं झाली होती. उत्तरेच्या बलाढ्य शेजाऱ्यानं जॉर्जियाचा लचका तोडला, त्याला वेगळा देश म्हटलं आणि स्वतःचं सैन्य तिथे बसवलं. हद्द नेमकी कुठे, हे मात्र कोणी सांगत नव्हतं. जुन्या हद्दीच्या नावाखाली आज या गावाच्या बागेतून तार गेली, उद्या त्या गावाच्या, अशा बातम्या यायच्या.

एका सप्टेंबरात दोन माणसं गाडीतून आली. साधे कपडे, काखेत नकाशे. एकाला जॉर्जियन बरी येत होती. पाण्याचे जुने पाट मोजतोय, म्हणाला, आणि प्यायला पाणी मागितलं. आता, दारी आलेल्याला नुसतं पाणी पाजून वाटेला लावणारा जॉर्जियन अजून जन्माला यायचाय. एल्गुजानं अंगणात पुरलेल्या वाईनच्या रांजणाचं तोंड उघडलं. त्सिआलानं चीज भरलेल्या गरम भाकऱ्या आणल्या.

मेलेल्यांच्या नावाचा प्याला घेऊन एल्गुजा उठला.

"आमच्या मेलेल्यांची चैन आहे बघा! तो बुजलेला पाट दिसतो ना, अक्रोडांच्या खालून गेलेला? माझ्या बापानं खणला तो. जुन्या जिल्ह्याची हद्द तिथूनच जायची. म्हणजे आम्ही जगतो एका जिल्ह्यात आणि मेलो की राहायला जातो दुसऱ्यात. ना परवाना, ना शिक्का!"

पाहुणे पोट धरून हसले. एकानं वहीत काहीतरी टिपलं. भाषण आवडलं असेल, असं एल्गुजाला वाटलं.

तीन आठवड्यांनी सैनिक आले आणि काटेरी तार बरोबर त्या बुजलेल्या पाटावरून गेली. दफनभूमी पलीकडे राहिली, आणि तार ओलांडणाऱ्याला सैनिक धरून नेऊ लागले.

ज्याला गिळायचंच आहे त्याला एल्गुजाच्या साक्षीची गरज नव्हती, हे अगदी खरं. पण हे त्याला सांगणार कोण? त्यानं कुणापाशी तोंडच उघडलं नव्हतं. त्सिआला रोज सकाळी तारेकडे बघून ओरडायची, "ज्यानं यांना पाट दाखवला त्याची जीभ झडो!" आणि एल्गुजा मान खाली घालून कोंबड्यांना दाणे टाकत राहायचा. लग्नाचं बोलावणं आलं की घसा बसलाय म्हणायचा.

"एल्गुजा, कसला रे हा घसा? वर्षं उलटली तरी उठेना!" शेजारचा नुग्झार चिडवायचा.

सहाव्या वर्षी त्सिआलानं अंथरूण धरलं. डॉक्टरांनी आशा सोडली. एका दुपारी ती म्हणाली, "मला मेराबजवळ नेशील ना?"

एल्गुजाचा बांध फुटला. "कसा नेऊ? तो पाट मीच दाखवला, त्सिआला. याच तोंडानं."

"माहीत आहे."

"माहीत आहे?"

"भाकऱ्या कोणी आणल्या होत्या? दारातच उभी होते मी. तुझ्या त्या विनोदाला मीही हसले, मेल्या."

"मग रोज त्या शिव्या..."

"तू बोलावंस म्हणून. अख्ख्या गावापुढे तासन्‌तास बोलणारा तू, आणि बायकोला एवढं सांगायला सहा वर्षं? मला भांडायचं होतं रे तुझ्याशी. भांडून मग दोघं मिळून रडलो असतो. आता बळ कुठाय माझ्यात?"

चौथ्या दिवशी ती गेली. तिला रस्त्याकडेच्या नव्या जागेत पुरलं. तिथून टेकाड दिसतं, इतकंच.

दफनानंतर गाव त्यांच्या अंगणात जेवायला बसलं. एल्गुजा प्याला घेऊन उभा राहिला आणि त्यानं सगळं सांगून टाकलं: ती दोन माणसं, रांजण, विनोद, पाट. कोणीही प्याला उचलला नाही.

मग नुग्झार खाली बघत म्हणाला, "माझ्याकडेही जेवले ते. मीही तोच पाट दाखवला. आजवर बायकोलाही बोललो नाही."

"माझ्याकडे वाईन संपली होती," टेबलाच्या दुसऱ्या टोकाची म्हातारी केतो म्हणाली. "मी दही दिलं. आणि वर थडगी आहेत, तेही मीच सांगितलं."

आणखी दोघांनी माना खाली घातल्या.

हे आत्ताच्या आत्ता त्सिआलाला सांगितलं पाहिजे, असं एल्गुजाच्या मनात आलं. तो लगबगीनं घराच्या दारापर्यंत गेलाही, आणि उंबऱ्यावर हात टेकून तिथेच खाली बसला.