इमर्जन्सीसाठी माझा नंबर

माझी एक विद्यार्थिनी नांदेडला इंजिनिअरिंग करत होती. कॉलेजनं तिला एका सत्रासाठी जर्मनीला पाठवायचं ठरवलं आणि जाणाऱ्या मुलांच्या आईवडिलांना सुरक्षेच्या बैठकीला बोलावलं. तिचे आईवडील चाकूरजवळच्या खेड्यात शेती करणारे. त्यांनी लातूरहून मलाही सोबत घेतलं. मी तिला शाळेत इंग्रजी शिकवलेली, आता निवृत्त, एकटी, आणि कुणीही बसमध्ये बसवून कुठंही न्यावं अशी.

मुलांना परदेशी पाठवायचं काम बघणाऱ्या सरांनी आम्हाला यथेच्छ घाबरवलं. पासपोर्टच्या झेरॉक्स, विम्याचं कार्ड, पूर आला तर काय, दंगल झाली तर काय. आग लागली तर लिफ्ट वापरू नका, हे त्यांनी पुन्हा पुन्हा बजावलं. मुलीची आई गंभीरपणे मान हलवत होती. ती आयुष्यात एकदाच लिफ्टमध्ये चढली होती, तीही मघाशी, माझा हात घट्ट धरून. शेवटी सरांनी विचारलं, "तिकडून फोन आला तर इथं कोण उचलणार?"

"म्याडमचा नंबर टाका," वडील म्हणाले. "इंग्रजीतून बोलले तर आमाला काय कळणार हाय?"

"दवाखानेवाले फक्त घरच्यांनाच माहिती देतात बरं का."

"म्याडम घरच्याच हायत की."

सरांनी पालक म्हणून माझं नाव लिहिलं. परतीच्या वाटेवर मी उगीचच खुशीत होते.

औसा रोडवरच्या माझ्या दोन खोल्यांत फोन वाजत नाही असं नाही. कर्ज हवंय का, प्लॉट घेता का, असं विचारणाऱ्या पोरी फार गोड बोलतात. ओळखीचं मात्र कुणी फोन करत नाही. ती जर्मनीला गेल्यापासून मी फोन न्हाणीतही नेऊ लागले, पालथ्या बादलीवर ठेवू लागले. देवळात लोक रागानं बघायचे, तरी आवाज बंद केला नाही. फोन येऊ नये म्हणून देवाला हात जोडायचे, आणि दिवसभर आला नाही की घर खायला उठायचं. दोन्ही खरं होतं.

एका दुपारी नळाला पाणी आलं होतं. आमच्याकडे पाणी आलं की बाकी सगळं सोडून आधी ते भरायचं असतं. पिंप भरत असतानाच फोन वाजला. लांबलचक, परदेशी नंबर. नळी तशीच टाकून मी धावले.

तिच्या विद्यापीठातला एक माणूस सावकाश इंग्रजीत बोलत होता. दवाखान्यातून बोलतोय, म्हणाला.

"तुम्ही तिच्या पालक ना? म्हणजे आई?"

मला सरांचं बोलणं आठवलं. खरं सांगत बसले असते तर हा पुढं एक शब्द बोलला नसता.

"हो," मी म्हणाले. "मी तिची आई."

मग त्यानं सगळं सांगितलं. काल रात्री पोटात असह्य दुखू लागलं, अपेंडिक्स निघालं, ऑपरेशन झालं, आता धोका नाही. तिचा फोन होस्टेलवरच राहिलाय. मी आहे तिथंच फरशीवर बसले.

"शुद्धीवर आल्यापासून तुम्हालाच हाका मारतेय," तो म्हणाला. "देऊ तिला फोन?"

द्या, असं अगदी ओठावर आलं होतं. तिनं 'आई' म्हटलं असतं तर मी ओ दिली असती. पण अंगात कळ येत असताना पोरीला इंग्रजीची बाई काय कामाची?

"इथं आवाज नीट येत नाही," मी म्हणाले. "माझा दुसरा नंबर घ्या. थोड्या वेळानं त्यावर व्हिडिओ कॉल करा." आणि तिच्या आईचा नंबर सांगितला.

लगेच आईला फोन लावला. मागं सोयाबीनची मळणी धडधडत होती. पोरगी बरी आहे, हे आधी सांगितलं आणि मग बाकीचं. ती रडली नाही.

"माजं नाव घेत होती का वो म्याडम?"

"हो. तुमचंच."

पाणी उंबऱ्यापर्यंत आलं होतं. ते निपटून मी व्हॉट्सअ‍ॅपवर आईला पुन्हा फोन केला, तर ती दुसऱ्या कॉलवर होती. जरा वेळानं केला, तरी दुसऱ्याच कॉलवर. मायलेकी बोलत होत्या. बोलू देत, असं म्हणून मी फोन हातात धरून बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी वडिलांचा फोन आला. "म्याडम, लई उपकार झाले तुमचे. त्या सायबानं आता आमचाच नंबर लिहून घेतलाय, मराठी बोलणारा एक पोरगाबी गाठून दिलाय. आता तुमाला उगं तरास न्हाई."

"त्रास कसला त्यात," मी म्हणाले.

फोन ठेवल्यावर मला खूप रडू आलं. पोरगी सुखरूप होती, त्याचा आनंद होताच. पण तुम्ही तिच्या आई का, असं आता मला कुणी विचारणार नव्हतं.