शिंक्यातला काळा दोरा

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. पोटच्या पोरीलाही नाही. अक्षर माझं कसंतरीच, दुसरीतून शाळा सुटली — पण असलं दुसऱ्याकडून कसं लिहून घेणार?

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं धड काम म्हणजे दोर वळला. ओसरीवर, उन्हं कलताना. एक टोक बायकोच्या, सगुणेच्या हातात, दुसरं माझ्या. ती उजवीकडं पीळ द्यायची, मी डावीकडं. ती म्हणाली, "अवो, ताणून धरा की. जेवला न्हाई का आज?" मी हसलो नाही. तिच्या कमरेला खोचलेला काळा दोरा बघत होतो.

शिंकी करायला ती माहेरी शिकली, आईकडं, परकर नेसायच्या वयात. लग्नानंतर तीस वर्षं हात लावला नाही. मग लढाई आली. दोर, सुतळी, गोणपाट — सगळं पलटणीकडं जाऊ लागलं. आमचं दह्याचं शिंकं तुटलं, नवं मिळेना. तिनं बांधावरची घायपात ओढ्यात भिजवली, ठेचली, वाख काढला, मांडीवर वळला. बोटांना सगळं आठवत होतं. आधी शेजारणींनी मागितली. मग कर्जतच्या बाजारातला एक दुकानदार घेऊ लागला. दर बाजारी ती डोक्यावर भारा घेऊन निघायची — गुणगुणत. या वयात! माझ्यासंगं चालताना कधी गुणगुणली होती?

आणि प्रत्येक शिंक्याच्या वरच्या गाठीत काळ्या लोकरीचा दोरा. आपल्या घरच्यात नाही, फक्त विकायच्यात. कुणासाठी गं, विचारलं. तिनं तोंडाला पदर लावला. "तुमाला कळाय पायजे."

मी काय समजलो? खूण. दुकानदाराची बायको मेलेली, माणूस गोडबोल्या. दोनदा मी तिच्या मागं लपत गेलो. साठीला आलेला बाप्या — निवडुंगाआड बसलो. त्यानं तो दोरा चाचपला, हसला. तीही हसली. मला तेवढं पुरलं.

पुढं त्यानं तिचा माल घेणं बंद केलं. का, ते तिला सांगितलं नाही. शिंकी टिकत नाहीत, एवढंच म्हणाला. मग ती शिंक्यात पाटा टांगून बघायची. एकही तुटलं नाही. तरी म्हणायची, "तुटतंय कुठंतरी, मला दिसंना." गाठ सोडायची, परत बांधायची. एक दिवस उरलेला वाख चुलीत घातला. मागल्या साली गेली. आजारात हात डोळ्यांपुढं धरून बघत बसायची. मी शेजारीच होतो. तोंड उघडलं का मी?

दहाव्याला दुकानदार भेटायला आला. म्हणाला, "बाई तुमचं नाव घ्यायची न्हाई. कुणाच्या घरचा माल म्हनलं, की दोरा दावायची. मला लई हसू यायचं."

माझं नाव काळू. घरची काळी शेळी तिनं जन्मभर सावळी म्हणून हाकारली. हे मला ठाऊक नव्हतं? — होतं.

आता त्या सकाळचं. दोर वळला त्याच्या दुसऱ्या दिवसाची सकाळ. ती पाण्याला गेली तेव्हा मी तयार भाऱ्यातलं एक शिंकं काढलं. गाठीखाली विळ्यानं कापलं. टोकं दगडावर घासून पिंजारली — झिजून तुटल्यासारखी दिसावीत म्हणून. पिशवीत घातलं. ती आली, मी म्हणालो कर्जतला मिठाला जातो. तिनं भाकरी बांधून दिली. म्हणाली, "दुकानावरनं जाताय तर त्येला सांगा, पुढल्या बाजारी जास्ती आणते." व्हय म्हणालो.

दुकानात ते शिंकं त्याच्या पुढ्यात टाकलं. "गाडगं फुटलं आमचं. आता तिचा हात ऱ्हायला न्हाई. मी आल्तो म्हनून सांगू नका, तिला वाईट वाटंल."

त्यानं काळ्या दोऱ्यावरनं अंगठा फिरवला आणि शिंकं बाजूला ठेवलं. मी मीठ घेतलं. तिनं दिलेली भाकरी वाटेत ओढ्याकाठी बसून खाल्ली, सगळी, आणि घरी आलो.