वाकडी नळी

शिरपूरकडच्या हिलालभाऊंना बागेत चालवायचे जुने बुटके ट्रॅक्टर भंगारातून उचलून पुन्हा मूळ होते तसे करायचं भारी वेड. या खेपेच्या ट्रॅक्टरची धुराची नळी कोणीतरी वाकवून पोटाखाली नेलेली. कशासाठी, ते काही उमगेना. शेवटी त्यांनी कंपनीसारखी उभी नळी बसवली आणि ट्रॅक्टर ऐटीत स्वतःच्या केळीत घातला.

वरची पानं करपली, एक घड धुराने काळा झाला.

"आहो, बठ्ठी केळी भाजी टाकशात का?" बायको, कोकिळाबाई, बांधावरून ओरडली.

सगळी केळी भाजून निघायच्या आत भाऊंनी इंजिन बंद केलं. म्हणजे मागच्या मालकाचीही केळीच होती तर! वाकडी नळीच परत लावायची, हे ठरलं. तेवढ्यात ब्रेकला त्याच मालकाने गुंडाळलेली तार दिसली.

"आते हाई सोडू का नको?" भाऊंनी तारेकडे बोट दाखवून विचारलं.

"पहिले ट्रॅक्टर बागना बाहेर काढा!"